घाटघरचा कडा आणि ए-स्टार

सावेडीच्या प्रेमदान चौकातून नगरच्या रेल्वे स्टेशनला निघालेला माणूस आधी नागापूर एमआयडीसीकडे गाडी वळवत नाही. स्टेशन दक्षिणेला, नागापूर उत्तरेला. हे शेंबडं पोरही सांगेल. सर्वांत जवळची वाट शोधणाऱ्या डायक्स्ट्राच्या पद्धतीला मात्र दिशा कळत नाही. ॲमस्टरडॅमच्या कॅफेत वीसेक मिनिटांत सुचलेली, १९५९ साली छापून आलेली ही पद्धत निघाल्या जागेपासून चहूकडे सारखीच पसरते. स्टेशन सापडेपर्यंत नागापूरही पालथं घालते. उत्तर अचूक, पण वणवण फार.

ती वणवण १९६८ साली पीटर हार्ट, निल्स निल्सन आणि बर्ट्राम राफेल यांनी आवरली. स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये त्यांचा शेकी नावाचा चाकांवरचा यंत्रमानव खोल्यांमधून अडथळे चुकवत फिरायचा. त्या कामातून ए-स्टार निघाला. सगळी युक्ती एका बेरजेत आहे: तोडलेलं अंतर अधिक उरलेल्या अंतराचा अंदाज. समजा, दिल्लीगेटच्या बाजूचा एक चौक अडीच किलोमीटरवर आहे आणि तिथून स्टेशन सरळ रेषेत साडेतीन, बेरीज सहा. नागापूरच्या बाजूचा चौक एकाच किलोमीटरवर, पण तिथून स्टेशन साडेसहा, बेरीज साडेसात. डायक्स्ट्रा जवळचा म्हणून दुसरा चौक आधी तपासेल, ए-स्टार पहिला.

अट एवढीच, की अंदाज खऱ्या अंतराहून मोठा नको. रस्ता सरळ रेषेहून आखूड असूच शकत नाही, म्हणून सरळ रेषा निर्धोक. अंदाज फुगवला तर काम झटपट उरकतं, पण चांगली वाट न बघताच बाद होऊ शकते. व्हिडिओ गेममध्ये ते खपून जातं. रुग्णवाहिकेला मी तरी तो सौदा करणार नाही.

कमी अंदाजही फुकट मिळत नाही. याच जिल्ह्यात, अकोले तालुक्यात, घाटघर जलविद्युत प्रकल्पाचा वरचा जलाशय आहे. खालचा कड्याखाली, शहापूर तालुक्यातल्या चोंढ्याला. पाणी डोंगराच्या पोटातून उतरतं, २५० मेगावॅटचा प्रकल्प चालवतं आणि पंपाने पुन्हा वर चढतं. गाडीला मात्र भंडारदरा, घोटी, इगतपुरी, कसारा घाट असा भलामोठा वळसा. सरळ रेषेला कडा दिसत नाही, त्यामुळे ए-स्टार आधी कड्याकडे जाणाऱ्या वाटा धुंडाळतो. त्या खुंटल्या की मग घोटीकडे वळतो. उत्तर शेवटी बरोबरच येतं, पण पायपीट झालेली असते.

यावर २००५ साली गोल्डबर्ग आणि हॅरेल्सन यांनी तोडगा काढला. काही ठळक ठिकाणांची रस्त्याने अंतरं आधीच मोजून ठेवायची. घाटघर-मुंबई अंतरातून चोंढे-मुंबई अंतर वजा केलं, तर घाटघर-चोंढे रस्ता त्याहून आखूड निघू शकत नाही. त्या वजाबाकीत कसारा घाटाचा वळसा आपसूकच धरलेला असतो.