सहा दिशांचे वंदन

जीवनाचा अर्थ गृहस्थाने कोठे शोधावा? दीघनिकायातील ३१ व्या 'सिगालोवाद' सुत्तात याचे उत्तर आहे. राजगृहाजवळ सहा दिशांना वंदन करणाऱ्या सिगालास तथागतांनी सांगितले : पूर्व म्हणजे मातापिता, दक्षिण आचार्य, पश्चिम पत्नी व मुले, उत्तर मित्र, खालची दिशा सेवक-कामगार आणि वरची श्रमण-ब्राह्मण. या नात्यांतील कर्तव्यपालन हेच खरे दिशावंदन होय. कामगारास शक्तीनुसार काम, अन्न व वेतन, आजारपणात शुश्रूषा, विशेष पदार्थांत वाटा आणि वेळेवर विश्रांती द्यावी, असे हे सुत्त सांगते. म्हणून घरकाम करणारी भगिनी आजारी पडली असता जो तिचे वेतन कापतो, त्याने विहारात नित्य वंदना घेतली तरी त्याची एक दिशा अवंदितच राहते.