तळाच्या विभागातून विश्वचषकापर्यंत

इंग्लंडच्या संघात स्थान हवे, तर अव्वल विभागातच खेळायला हवे, हा समज स्टीव्ह बुलने खोटा ठरविला. वेस्ट ब्रॉमविचने १९८६ मध्ये या आघाडीपटूला विकले, तेव्हा त्याला घेणारा वुल्व्ज क्लब आर्थिक संकटातून जेमतेम सावरत चौथ्या विभागात खेळत होता. बुलने १९८७-८८ च्या मोसमात ५२, तर पुढील मोसमात ५० गोल केले आणि वुल्व्जने सलग दोन विभागांची विजेतेपदे पटकावली. मे १९८९ मध्ये स्कॉटलंडविरुद्ध बदली खेळाडू म्हणून उतरलेल्या बुलने पदार्पणातच गोल नोंदविला. १९९० च्या विश्वचषकातही तो खेळला. १९९९ मध्ये निवृत्त होईपर्यंत वुल्व्जसाठी त्याचे ३०६ गोल झाले. मात्र त्याच्या काळात क्लबला अव्वल विभाग गाठता आला नाही. निष्ठेची ही किंमत त्याने मोजली. मोलिनू मैदानातील एका स्टँडला आज त्याचेच नाव आहे.