पेटायला नाखूश पेट्रोल

पंपावरचं सगळ्यांत महाग पेट्रोल सगळ्यांत जोरात पेटत असणार, असा आपला समज असतो. खरं तर पेटायला सगळ्यांत नाखूश असतं तेच. २०२० च्या डिसेंबरात मुंबई-पुण्यातल्या निवडक पंपांवर १०० ऑक्टेनचं पेट्रोल आलं तेव्हा ते साध्या पेट्रोलच्या दीडपटीहून महाग होतं, आणि लिटरमागे त्यातली ऊर्जा मात्र जवळपास तेवढीच. मग जादा पैसे कशाचे? संयमाचे.

इंजिनात पिस्टन वर येतो तो हवा आणि पेट्रोलच्या वाफेचं मिश्रण दाबत. दाबलं की ते तापतं. मग प्लगची ठिणगी पडते आणि ज्योत तिथून सिलिंडरच्या कडांकडे सरकत जाते. हा स्फोट नव्हे. सेकंदाच्या काही हजारांश भागात उरकणारं, पण शिस्तीचं जळणं. गंमत अशी की पुढे सरकणारी ज्योत कोपऱ्यातल्या न जळलेल्या मिश्रणाला आणखी दाबते, आणखी तापवते. पेट्रोल उतावळं असेल, तर ज्योत पोचण्याआधीच तो कोपरा आपणहून भडकतो आणि दाबाच्या लाटा धातूवर आपटतात. घाटात वरच्या गिअरमध्ये दामटलेल्या गाडीच्या बॉनेटखालून टणटण येते ती हीच. गॅरेजवाले म्हणतात, ‘गाडी नॉक करतेय.’ जोराचं नॉकिंग दुर्लक्षित राहिलं, तर पिस्टनला भोकही पडतं.

हा उतावळेपणा मोजायचा कसा? १९२० च्या दशकात अमेरिकेत ग्रॅहम एडगर या रसायनशास्त्रज्ञाने दोन टोकं ठरवली. आठ कार्बनचा, फांद्या फुटलेला, आटोपशीर रेणू म्हणजे आयसो-ऑक्टेन. तो सहजी नॉक होत नाही, त्याला १००. सात कार्बनची सरळ साखळी म्हणजे हेप्टेन. ती दाबाखाली चटकन तुटते, तिला शून्य. आणि हे शुद्ध हेप्टेन मिळालं कुठून? झाडातून! कॅलिफोर्नियाच्या डोंगरांत वाढणाऱ्या जेफ्री पाइनच्या चिकापासून ते ऊर्ध्वपातनाने निघतं. मोटारींच्या इंधनाच्या मोजपट्टीचं शून्य एका पाइनने पुरवावं, याचं मला अजून नवल वाटतं.

मोजण्याचं यंत्र त्याहून अजब. एकाच सिलिंडरचं इंजिन, ज्याचा दाब चालू असतानाच कमी-जास्त करता येतो. त्यात इंधन घालून नॉकिंग होईपर्यंत दाब वाढवायचा आणि या दोन द्रवांच्या कोणत्या मिश्रणाशी ते जुळतं ते पाहायचं. ९१ ऑक्टेन म्हणजे ९१ टक्के आयसो-ऑक्टेनच्या मिश्रणाइतकं सोशीक. पट्टी शंभरावर संपत नाही. इथेनॉल १०८ च्या आसपास जातं.

वेगवान गाड्यांचं सगळं गणित या सोशिकतेवर उभं आहे. टर्बो किंवा सुपरचार्जर हवा कोंबतो, दाब वाढतो, ताकद वाढते. आडवं येतं ते नॉकिंग. २०१८ च्या डॉज डीमनला पंपावरचं ९१ चं पेट्रोल दिलं की ८०८ अश्वशक्ती, १०० चं रेसिंगचं इंधन दिलं की ८४०. (अमेरिकी पंपावर दोन चाचण्यांची सरासरी लिहितात, त्यामुळे त्यांचं ९१ म्हणजे आपल्याकडचं ९५-९६.) स्वीडनच्या कोनिगसेग जेस्कोची झेप तर १२८० वरून १६०० वर, तीही ८५ टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेल्या इंधनावर. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलहून सुमारे एक तृतीयांश कमी! पण ते बाष्प होताना मिश्रण थंड करतं, दाब सोसतं, आणि इंजिन ते जास्त मात्रेत जाळतं.

सोशिकता वाढवायला टाकीत ओततात त्या बाटलीतल्या ऑक्टेन बूस्टरचा पूर्वज मात्र काळाकुट्ट. १९२१ मध्ये अमेरिकेतल्या डेटन शहरात अभियंता थॉमस मिजली यांना टेट्राएथिल लेड या शिशाच्या संयुगाचा गुण सापडला. चिमूटभर शिशाने नॉकिंग थांबलं आणि पुढची कित्येक दशकं जग शिसं श्वासात घेत राहिलं. मोटारींच्या पेट्रोलमधलं शिसं भारतात २००० मध्ये बंद झालं, जगभरात २०२१ मध्ये. आजच्या अनेक बाटल्यांत मँगनीज किंवा लोहाची संयुगं असतात. ती काम करतात, पण प्लगवर तांबूस थर बसवतात. आणि लेबलावरचे ‘३० पॉइंट’ नीट वाचावेत: बूस्टरवाल्यांच्या भाषेत एक पॉइंट म्हणजे ऑक्टेनचा दहावा हिस्सा. ३० पॉइंट म्हणजे ९१ चं ९४, १२१ नव्हे.

नव्या गाड्यांत नॉकिंग ऐकणारा सेन्सर असतो. कुणकुण लागताच संगणक ठिणगी उशिरा पाडतो. इंजिन वाचतं, ताकद घटते. म्हणून ज्या गाडीला ९५ किंवा ९८ हवं, तिला तेच द्या. पण तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत ९१ लिहिलं असेल, तर १०० च्या पेट्रोलसाठी आणि बूस्टरच्या बाटलीसाठी मोजलेले जादा पैसे बहुतेक वाया गेले म्हणून समजा.