कंपायलरची कुरकुर

गेली काही वर्षे मी एका जुन्या मुक्तस्रोत प्रोग्रॅमची देखभाल करतो आहे. नेटवर्कवरून माहितीची ने-आण करणारा हा सी भाषेतला कोड मूळ लेखकांनी केव्हाच सोडून दिला होता. जुना वाडा वारशाने यावा तसा तो माझ्याकडे आला. पहिल्यांदा कंपाइल केला, तेव्हा पडदा इशाऱ्यांनी भरून गेला.

कंपायलर म्हणजे माणसाने लिहिलेला कोड यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम. व्याकरण चुकले, तर तो काम थांबवतो. नुसती शंका आली, तर काम पुरे करतो, पण कुरकुरतो. या कुरकुरीला वॉर्निंग म्हणतात.

एक उदाहरण देतो. नेटवर्कवरून वाचणारे फंक्शन किती बाइट आले ते सांगते. काही बिघडल्यास उणे एक हे उत्तर देते. हे उत्तर ऋण संख्या न ओळखणाऱ्या ३२ बिटांच्या चलात ठेवले, की उणे एकचे ४,२९,४९,६७,२९५ होतात. ‘उत्तर शून्याहून कमी आहे का?’ ही तपासणी मग कधीच खरी ठरत नाही. कंपायलर नेमके इथेच बोट ठेवतो. प्रकार बदलल्याची एक खूण कोडात घातली, की काही इशारे गप्प होतात. घोटाळा मात्र तसाच राहतो.

सुरुवातीला मलाही इशारे भराभर मिटवण्याचा मोह होई. तो आवरला २००६ सालच्या एका घटनेने. इंटरनेटवरचे संभाषण गुप्त ठेवणाऱ्या ओपनएसएसएलमधील दोन जागी न भरलेली स्मृती वापरली जाते, अशी तक्रार व्हॅलग्राइंड हा तपासनीस प्रोग्रॅम करत असे. हा कंपायलर नव्हे, पण कुरकूर त्याच जातीची. डेबियनच्या एका विकासकाने विचारणा करून, चांगल्या हेतूने, त्या दोन्ही ओळी आपल्या आवृत्तीतून काढल्या. एक काढल्याने बिघडले नसते. दुसरीतून मात्र गुप्त किल्ली घडवायला लागणारी सारी अनिश्चितता आत येत होती. ती गेल्यावर उरला फक्त चालू प्रक्रियेचा क्रमांक, म्हणजे एका जातीच्या यंत्रावर, ठरावीक लांबीच्या किल्लीसाठी जेमतेम ३२,७६८ शक्यता. इतक्या किल्ल्या संगणक सहज लावून पाहतो. हा दोष मे २००८मध्ये जाहीर झाला. तोवर डेबियन आणि उबुंटूवर घडवलेल्या असंख्य किल्ल्या बाद कराव्या लागल्या. त्या दोन वर्षांत तपासनीस मात्र समाधानी होता!

तेव्हापासून मी एका वेळी एकच इशारा हाती घेतो. ती ओळ तिथे का आली, हे जुन्या नोंदींत शोधतो, चाचणी लिहितो आणि मगच बदल करतो. कारणही शेजारी लिहून ठेवतो. काम सावकाश होते. काही इशारे अजून तसेच आहेत, कारण त्या ओळी मला पुरत्या समजलेल्या नाहीत. कोड कंपाइल करताना ते दर वेळी पडद्यावर येतात. येऊ देत.