ठाण्याचा हल्ला व युद्धारंभाचा काल

पहिल्या इंग्रज-मराठे युद्धाचा आरंभ पुष्कळदां मार्च १७७५ मधील सुरतेच्या तहापासून धरतात. तें सयुक्तिक नाहीं. शिवाजी पार्काच्या उत्तरेस असलेली माहीमची खाडी त्या काळीं सरहद्द होती. पलीकडील साष्टी मराठ्यांची. ती मिळविण्यासाठींच १७७२ त मॉस्टिन हा वकील पुण्यास धाडला होता. तें न साधतां, पोर्तुगीज साष्टी घेतील या निमित्तानें, युद्ध न पुकारतां मुंबईकरांनीं ता. ३१ डिसेंबर १७७४ रोजीं ठाण्याचा किल्ला हल्ला करून घेतला. राघोबादादांनीं सुरतेस साष्टी लिहून दिली, ती आधींच गेलेली होती. सालबाईच्या तहानंतरही (१७८२) परतली नाहीं. सबब संग्राहकांनीं शके १६९६ च्या उत्तरार्धांतील साष्टीविषयक पत्रें सरहद्दीच्या किरकोळ तंट्यांत न घालतां युद्धाच्या दप्तरांत लावावीं.