गार हवं, ओलं नको

कॉम्प्युटर तापतो म्हटलं की बहुतेकांना पहिली युक्ती सुचते ती एकच: आख्खा डबा फ्रिजमध्ये ठेवून द्यायचा. फ्रिज दुरुस्त करणारा हे ऐकून हसतो. घरगुती फ्रिजची ताकद साधारण शंभर-दीडशे वॅट उष्णता बाहेर टाकण्याची. दूध-भाजी एकदा गार झाली की कॉम्प्रेसर निवांत. गेम खेळायचा कॉम्प्युटर म्हणजे आत तीनशे-चारशे वॅटची अखंड पेटती शेगडी. कॉम्प्रेसर क्षणभर थांबणार नाही, आणि आतलं तापमान तरीही चढतच राहील.

उलट वाटेनं मात्र जाता येतं. फ्रिजची यंत्रणा सोडवून ती प्रोसेसरपाशी न्यायची. अमेरिकेतल्या क्रायोटेक कंपनीनं हेच केलं. जानेवारी 2000 मध्ये तिनं एएमडीचा अ‍ॅथलॉन गारठवून 1 गिगाहर्ट्‌झवर चालणारा कॉम्प्युटर जाहीर केला. खुद्द एएमडीची त्या वेगाची चिप मार्चमध्ये आली. पुढं हौशी लोकांनी भंगारातले कॉम्प्रेसर घेऊन घरीच हा उद्योग सुरू केला.

पुण्यात एका फ्रिज मेकॅनिकच्या गाळ्यात मी हे काम जवळून पाहिलं. गिऱ्हाईक इंजिनिअरिंगचा विद्यार्थी. त्याला थेट चिपवरच गॅस उकळवायचा होता. "काका, उणे चाळीसपर्यंत जाईल ना?" काकांनी मान वर न करता विचारलं, "जाईल की. पण बोर्डावर बर्फ धरेल, तो वितळल्यावर पाणी कुठं जाणार ते तू सांग." मग ठरलं की गॅसनं पाणी गार करायचं आणि ते पाणी प्रोसेसरवर बसवलेल्या तांब्याच्या ठोकळ्यातून फिरवायचं. याला चिलर म्हणतात.

पोरानं आणलेला फ्रिजचा कॉम्प्रेसर काकांनी बाजूला सारला. तो उणे वीस-पंचवीस अंशांच्या कामासाठी घडवलेला; पंधरा-वीस अंशांच्या पाण्यावर जुंपला तर मोटरवर भार येतो आणि ओव्हरलोड उडत राहतो. त्यांनी जुन्या वॉटर कूलरचा कॉम्प्रेसर काढला. माझ्या मते या यंत्रातली सगळी हुशारी या एका निवडीत होती. पुढचं हातकाम.

अर्थात हातकामही बघण्यासारखं. पाव इंची तांब्याच्या नळीची वेटोळी सहलीच्या पाण्याच्या जगमध्ये बसवली. त्याला उष्णतारोधक भिंती आयत्याच असतात. तांब्याला तांबं जोडायला फॉस्फरसचा रॉड, पण कॉम्प्रेसरच्या पोलादी तोंडाला चांदीचाच. टॉर्च मारताना नळीतून नायट्रोजनची बारीक धार सोडलेली. ती नसेल तर तापलेल्या तांब्याच्या आत काळी खपली धरते आणि नंतर सुटून कॅपिलरी नावाच्या बारीक नळीत अडकते. कॅपिलरीचं भोक एक मिलिमीटरच्या आसपास, तिथं कणभर कचराही पुरतो. मग नायट्रोजनचा दाब भरून प्रत्येक सांध्याला साबणाचा फेस. त्यानंतर व्हॅक्यूम पंप बराच वेळ घुरघुरत राहिला. आत ओल राहिली तर कॅपिलरीच्या तोंडाशी ती गोठू शकते. घाई करणारे मेकॅनिक इथंच वेळ वाचवतात आणि गिऱ्हाईक पुन्हा पुन्हा येत राहतं.

शेवटी गॅस. आर-134ए साध्या हवेच्या दाबाला उणे 26 अंशांवर उकळतो, आणि उकळताना उष्णता ओढून घेतो. दोनशे वॅट उचलायला सेकंदाला एक-सव्वा ग्रॅम गॅस पुरतो. काकांनी सिलेंडर काट्यावर ठेवून थोडा थोडा गॅस सोडला. एक डोळा गेजवर आणि हात परतीच्या नळीवर. नळी गार लागली पाहिजे, पण कॉम्प्रेसरपर्यंत द्रव पोचता कामा नये. द्रव दाबला जात नाही, व्हॉल्व्ह मोडतो. नव्या फ्रिजमधला आर-600ए भरू या, असं पोरगं म्हणालं तेव्हा काकांचा आवाज पहिल्यांदा चढला. तो गॅस पेट घेतो आणि गाळ्यात टॉर्च जळत होता.

चिलर चालला. पाणी 18 अंशांवर आलं, बाहेर मे महिन्याचं 38. हवेत आर्द्रता 20 टक्के असेल तर दवबिंदू 11 अंशांच्या आसपास येतो, म्हणजे 18 अंशांच्या नळीवर थेंबही धरत नाही. जुलैत चित्र पालटतं. हवा 25 अंश, आर्द्रता 85 टक्के, दवबिंदू 22 च्या वर. तेच 18 अंशांचं पाणी आता नळ्यांना, ठोकळ्याला आणि त्याखालच्या बोर्डाला घाम आणणार. पाणी 23-24 वर ठेवावं लागतं, आणि खोलीच पंचविशीत असताना एवढ्यासाठी कॉम्प्रेसर चालवण्यात काय हशील? मुंबईत पावसाळ्यात दवबिंदू पंचविशीला टेकतो. तिथं चिलरला जवळपास काही कामच उरत नाही. हे यंत्र कोरड्या उन्हाळ्याचं. कोकणातल्या माणसानं याच्या नादी लागू नये.

आणखी एक हिशेब पोराच्या ध्यानात नव्हता. चिपची उष्णता नाहीशी होत नाही. ती आणि कॉम्प्रेसरनं खाल्लेली वीज, दोन्ही मिळून कंडेन्सरच्या जाळीतून खोलीतच येतात. तासाभरात पोराची खोली तापली. काकांनी जाळी आणि तिचा पंखा बाल्कनीत हलवायला सांगितला. भिंतीला भोक पाडायला आईची परवानगी लागेल, असं पोरगं म्हणालं. त्यावर काकांनी गॅसचं आणि मजुरीचं बिल तेवढं आधी मागून घेतलं.