एज्युकेशन लोन नेमकं किती घ्यायचं? (एपिसोडचं शब्दांकन)

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला सोपं जातं, किंवा ज्यांना आकडे समोर ठेवून गणित करायचंय, त्यांच्यासाठी आजच्या भागाचं हे शब्दांकन.

आजचा विषय एका श्रोत्याच्या व्हॉइस मेसेजवरून निघाला. सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी त्यांचं टेलरिंगचं दुकान आहे. घरचं वार्षिक उत्पन्न साडेपाच लाखांच्या आसपास. मुलाला इंजिनिअरिंगला जायचंय आणि समोर दोन पर्याय आहेत. एक, कॅप राऊंडमधून मिळालेलं पुण्यातलं खासगी कॉलेज. दुसरं, मोठा कॅम्पस असलेलं अभिमत विद्यापीठ. बँकेत चौकशी केली तर मॅनेजर म्हणाले, "चौदा लाखांपर्यंत होऊन जाईल." आता त्यांचा प्रश्न त्यांच्याच शब्दांत : "साहेब, बँक एवढे देतेय म्हणजे आपल्याला झेपत असणार ना?"

या एका वाक्यासाठी आजचा पूर्ण भाग. कारण बँकेचा आकडा वेगळ्या प्रश्नाचं उत्तर असतो. कॉलेजचा खर्च किती, तारण काय, सहकर्जदाराचं उत्पन्न किती, हे बघून बँक वरची मर्यादा ठरवते. हप्ता भरल्यावर तुमच्या मुलाच्या खिशात काय उरेल, हे तुम्हालाच बघावं लागतं.

आधी मदत वजा करा, मग कर्जाचं बोला

पहिलं काम : वर्षाचा एकूण खर्च कागदावर लिहा. नुसती फी नको. हॉस्टेल, मेस, पुस्तकं, येणं-जाणं, सगळं लिहा. मग त्यातून फक्त ती मदत वजा करा जी परत करायची नसते.

आपल्याकडे खुल्या प्रवर्गासाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर ट्यूशन फीचा अर्धा भाग सरकार भरतं. अर्ज महाडीबीटीवर, आणि तहसील कार्यालयाचा उत्पन्नाचा दाखला लागतो. पण अट महत्त्वाची आहे : प्रवेश कॅपमधूनच हवा. मॅनेजमेंट कोट्याला ही सवलत नाही. मुलगी असेल तर गणित आणखी बदलतं. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना याच उत्पन्न मर्यादेत व्यावसायिक अभ्यासक्रमांची ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. हॉस्टेलसाठी पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता योजना आहे, तीही तपासा.

इथे एक सावधगिरीची सूचना. कॉलेजच्या पत्रात "स्कॉलरशिप" लिहिलेलं असलं तरी दोन प्रश्न विचारा : किती वर्षांसाठी? आणि कोणत्या गुणांच्या अटीवर? पहिल्याच वर्षाची हमी असेल तर पहिल्याच वर्षाची धरा.

आता दोन्ही कॉलेजांचं गणित

आकडे त्यांनी दिलेलेच आहेत, मी सोयीसाठी थोडे गोल केलेत. दरवर्षीची फीवाढ धरलेली नाही.

कॅपचं कॉलेज : फी १,४०,०००, त्यात ट्यूशन फी १,२०,०००. शिष्यवृत्तीचे ६०,००० वजा जाऊन उरले ८०,०००. राहणं-खाणं आणि बाकी १,१०,०००. म्हणजे वर्षाला १,९०,००० आणि चार वर्षांचे ७,६०,०००.

अभिमत विद्यापीठ : फी ३,००,०००, राहणं-खाणं १,३०,०००. चार वर्षांचे १७,२०,०००. पहिल्या वर्षाची ७५,००० ची सवलत वजा केली तर १६,४५,०००.

घरून महिन्याला ७,००० जमतात, म्हणजे चार वर्षांत ३,३६,०००. शिवाय एक लाखाची एफडी आहे. ते दोन्ही वजा केलं की कर्जाची खरी गरज निघते : पहिल्या ठिकाणी ३ लाख २४ हजार, दुसऱ्या ठिकाणी १२ लाख ९ हजार.

बघा, दुसऱ्या ठिकाणीसुद्धा चौदाची गरज नाहीच!

अभ्यास चालू असतो, व्याजही चालू असतं

एज्युकेशन लोनमध्ये साधारणपणे कोर्स अधिक एक वर्ष हप्ता नसतो. लोकांना वाटतं तेवढा काळ व्याजही नसतं. तसं नाही. सरसकट व्याज सुरूच असतं. साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना तांत्रिक आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी केंद्राची व्याज सवलत आहे. पीएम विद्यालक्ष्मी योजनेत ८ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के सूट आहे, पण ती निवडक संस्थांसाठी, आणि दुसरी सरकारी शिष्यवृत्ती घेत असाल तर मिळत नाही. आपल्या श्रोत्यांना पहिली उत्पन्नामुळे लागू नाही, दुसरी शिष्यवृत्तीमुळे.

व्याजदर १० टक्के धरू. कर्ज दरवर्षी चार सारख्या भागांत उचललं आणि हप्ता पाच वर्षांनी सुरू झाला, तर साध्या व्याजानेच मुद्दल सुमारे ३५ टक्क्यांनी फुगतं. चौदा लाखांचे झाले १८ लाख ९० हजार. दहा वर्षांसाठी हप्ता? जवळपास २५,०००.

पंधरा वर्षांची मुदत घेतली तर हप्ता २०,३०० वर येतो, पण एकूण परतफेड ३० लाखांऐवजी साडेछत्तीस लाखांच्या घरात जाते.

हप्त्यावरून मागे या

म्हणून मी उलटीकडून मोजतो. कॉलेजला विचारा : याच शाखेत मागच्या वर्षी किती मुलं पात्र होती, किती जणांना नोकरी लागली, आणि मधल्या मुलाचा पगार किती? फ्लेक्सवरचं सगळ्यात मोठं पॅकेज सोडून द्या, ते एखाद्याचंच असतं. आणि पॅकेज म्हणजे हातात पडणारा पगार नव्हे, त्यातून पीएफ वगैरे जातं.

समजा हातात २५,००० येतात. पुण्यात खोली, जेवण, बस आणि घरी थोडे पाठवायचे, तर पाचवा भाग, म्हणजे ५,००० हप्ता झेपेल. पाचवा भाग हा माझा ठोकताळा आहे, नियम नाही. १० टक्के दराने दहा वर्षांसाठी दर लाखाला हप्ता साधारण १,३२० येतो. म्हणजे हप्ता सुरू होताना डोक्यावर पावणेचार लाखांच्या वर नको.

पहिल्या कॉलेजचं ३ लाख २४ हजारांचं कर्ज व्याज न भरता ठेवलं तर ४ लाख ३७ हजार होतं आणि हप्ता ५,८००. थोडा जड. पण शिकतानाच व्याज भरत गेलं तर हप्ता ४,३०० च्या आत. ते व्याज पहिल्या वर्षी महिन्याला ६७५ रुपये आणि चौथ्या-पाचव्या वर्षी २,७००. व्याज वेळेवर भरणाऱ्यांना बऱ्याच बँका दरात थोडी सूटही देतात. चार लाखांपर्यंत सहसा तारणही मागत नाहीत.

दुसऱ्या कॉलेजचा हप्ता २१,५०० च्या पुढे. तिथल्या मधल्या मुलाच्या हातात महिन्याला लाखभर पडत असतील तर जरूर विचार करा. तसं लेखी कुणी दाखवत नसेल, तर ती पैज आहे. आणि त्या पैजेत सहकर्जदार म्हणून वडिलांची सही असते. हप्ता चुकला की दोघांचाही सिबिल खराब होतो, दुकानासाठी उद्या कर्ज लागलं तर तिथेही अडतं.

अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. इथे अडचण ही की अंथरूण अजून शिवायचंय. म्हणून जरा आखूडच धरलेलं बरं.

जाता जाता

मंजुरी पूर्ण घ्या, पण उचल दरवर्षी गरजेपुरतीच करा. शिष्यवृत्तीचे पैसे उशिरा येतात, तेवढे चार-सहा महिने निभावण्याची सोय ठेवा, आणि दरवर्षी नूतनीकरणाचा अर्ज विसरू नका. पुढे जुनी करप्रणाली निवडली तर भरलेल्या व्याजाची वजावट आठ वर्षं मिळते, मुद्दलाची नाही.

मी स्वतः शेवटच्या वर्षी गरज नसताना मंजूर झालेली सगळी रक्कम उचलली होती. हॉस्टेलच्या नावाखाली आलेले पैसे कुठे गेले, आज आठवतही नाही. हप्ते मात्र चांगले आठवतात. ते संपले तेव्हा मी तेहेतीस वर्षांचा होतो.

त्या श्रोत्यांना मी हेच कळवलं : काका, बँकेनं विचारलं "किती हवेत?" तर चौदा सांगू नका. घरी बसून, मुलाला शेजारी घेऊन, आधी हा कागद भरा. कर्ज त्याला फेडायचंय, गणित त्यालाही कळू द्या.

भेटूया पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या!